अकरा महिने संपताना: भाडेकरार लिहून देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यात घरभाड्याची करारपत्रे तयार करून देणारे वकील, नोटरी, घरदलाल आणि टायपिंगवाले यांस

विषय: मुदत संपण्याआधी द्यायच्या सूचनेसाठी करारात स्वतंत्र कलम घालण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत घर भाड्याने देताघेताना जो कागद होतो, तो बहुधा तुमच्यापैकीच कुणाच्या तरी संगणकातून निघतो. नावे बदलतात, आधार क्रमांक बदलतो, भाड्याचा आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. भाडे किती तारखेला द्यायचे, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, भिंतीला खिळे मारायचे नाहीत, हे सगळे त्यात असते. मुदत संपत आली की कोणी, कोणाला, किती दिवस आधी, कशा रीतीने कळवायचे, हे मात्र नसते. असते ती एकच ओळ: 'एक महिन्याची नोटीस देऊन हा करार संपवता येईल.' ही ओळ करार मध्येच मोडण्यापुरती आहे. मुदत पुरी झाल्यावर काय, यावर ती गप्प आहे, आणि डिपॉझिटची, चावीची, 'तुम्ही सांगितलेच नाही'ची बहुतेक भांडणे नेमकी तिथूनच सुरू होतात.

त्या ओळीतही एक खोट आहे. नोटीस देऊन करार संपवायचा हक्क कोणाचा, हे अनेक मसुद्यांत लिहिलेलेच नसते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 110 सांगते की मुदतीआधी संपवता येण्याजोग्या भाडेपट्ट्यात तो हक्क कोणाचा हे लिहायचे राहिले, तर तो भाडेकरूचा असतो, मालकाचा नव्हे. मालकाने फी मोजून करून घेतलेल्या कागदात मालकाचाच हक्क एका राहून गेलेल्या शब्दामुळे जातो. 'दोघांपैकी कोणासही' हे दोन शब्द तेवढे घालायचे असतात.

आता मुदत संपण्याचा कायदा पाहू, कारण दोन्ही बाजूंचे समज चुकीचे आहेत आणि कागद त्यांना खतपाणी घालतो. ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा मुदत सरली की आपोआप संपतो. कलम 111 मधले पहिलेच कारण ते आहे आणि त्यासाठी नोटीस लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेपट्टा नव्हे, जागा वापरायची नुसती परवानगी) असेल तर 1882 च्याच सुविधाधिकार कायद्याचे कलम 62 लागते: ठरलेला काळ संपला की परवानगी रद्द झाली असे धरायचे. मात्र कलम 63 प्रमाणे जागा सोडून सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. तेव्हा 'मालकाने नोटीस दिली नाही, म्हणून मी राहणार' हे भाडेकरूचे म्हणणे टिकत नाही. 'अकरा महिने झाले, उद्या कुलूप बदलतो' हे मालकाचे म्हणणे तर त्याहून घातक. मुदत संपल्याने राहण्याचा हक्क संपतो, ताबा मालकाकडे उडी मारून येत नाही. कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढलेला माणूस 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न येतच नाही. वीज तोडणे, पंपाचा फ्यूज काढून नेणे, पाण्याचा वॉल्व बंद करणे हेही त्याच जातीचे उद्योग.

तिसरी गोष्ट गोव्यापुरती, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' असे ठळक छापले म्हणून तो लायसन्स ठरत नाही. कागदाचे सार पाहायचे, शीर्षक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. घराचा पूर्ण, एकट्याचा ताबा दिला, मालकाने स्वतःकडे काहीच राखले नाही, तर तो व्यवहार भाडेपट्टा ठरू शकतो. तो 1968 च्या गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायद्यात बसला, तर नुसती मुदत संपली एवढ्यावरून घर रिकामे करून मिळत नाही. कायद्यात मोजून दिलेल्या कारणांपैकी एखादे दाखवून रेंट कंट्रोलरकडे जावे लागते. भाडे थकणे हे त्यातले एक कारण, पण तिथेही एकूण तीन महिन्यांची थकबाकी, तिची रजिस्टर्ड नोटीस, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे न येणे, एवढे जुळावे लागते.

अशा वेळी तुमच्या संगणकातला मसुदा काय म्हणतो? कित्येकदा तो पुण्या-मुंबईहून आलेला असतो आणि त्यात लिहिलेले असते की मुदत संपल्यावर 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 24' प्रमाणे कारवाई होईल. महाराष्ट्रात ते कलम खरेच जोरदार आहे: लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. पण ते पत्रादेवीच्या चेकनाक्यापलीकडे. गोव्यातल्या घराच्या करारात ते छापणे म्हणजे मालकाला नसलेल्या छत्रीखाली उभे करणे. ते काढून टाका. केंद्राने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या नमुना भाडेकरार कायद्याचेही तसेच आहे. मुदतीनंतर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे ही तरतूद तिथली, पण तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो कुणाला बांधत नाही.

हे सगळे असताना सूचनेचे कलम कशाला, असे कोणी विचारील. गप्प राहण्याला कायद्यात किंमत आहे, म्हणून. मुदत संपली, भाडेकरू राहिला, आणि मालकाने भाडे म्हणून पैसे घेतले किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने राहू दिले, की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 116 येते: घरासाठी तो महिन्यामहिन्याचा भाडेपट्टा होतो. मग तो संपवायला कलम 106 ची पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. पूर्वी भाडे हातात यायचे, तेव्हा 'नको, आता घेत नाही' म्हणता यायचे. आता दर महिन्याच्या एक तारखेला ते खात्यात आपसूक पडते, मालक मस्कतला किंवा लिस्बनला, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिन्यांचे भाडे जमा झाल्यावर त्याला आठवते की करार सप्टेंबरात संपला. पैसे आलेच तर त्याच आठवड्यात लेखी कळवायला हवे, की हे मुदतीनंतरच्या वापराचा मोबदला म्हणून, आपल्या हक्कांना बाध न येता, स्वीकारत आहोत. हे वाक्य करारातच घालून ठेवले तर मालकाला ऐन वेळी शोधत बसावे लागणार नाही.

कलम 106 बद्दल दोन गोष्टी, कारण जुने मसुदे अजून फिरतात. 2002 च्या दुरुस्तीनंतर ते पंधरा दिवस नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे असतात, पाठवल्याच्या नव्हे. आणि नोटीस भाडेमहिन्याच्या अखेरीलाच संपली पाहिजे ही जुनी अट आता उरलेली नाही. तरीही 'महिनाअखेरीस संपणारी' असे शब्द जुन्या फाइलमधून उचलून अजून टाइप केले जातात. त्याने नोटीस बिघडत नाही, नाहक पंधरवडा मात्र वाया जातो.

आता तारखांकडे येऊ. ही सगळ्यात साधी चूक आणि सगळ्यात जास्त होणारी. 'दिनांक 1 नोव्हेंबर 2025 पासून अकरा महिने' असे लिहिले तर करार कधी संपला? कलम 110 प्रमाणे अमुक दिवसापासून असे लिहिले की तो दिवस मोजायचा नाही. म्हणजे मुदत 1 ऑक्टोबर 2026 ला संपते. मालक मात्र 30 सप्टेंबर धरून रंगाऱ्याला बोलावून बसतो. काही कागदांत एके ठिकाणी 'अकरा महिने' आणि दुसरीकडे '31 ऑक्टोबर 2026 पर्यंत' असतेच, कारण मागच्या करारातली तारीख बदलायची राहिली. ते झाले बारा महिने. मुदत एक वर्षाहून जास्त झाली तर 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होते, आणि अकरा महिन्यांची सगळी रीत पडली ती हीच नोंदणी टाळण्यासाठी. 'अकरा अधिक अकरा अधिक अकरा' असे तेहतीस महिने एकाच कागदावर बांधून घेणारे दलालही आहेत. दोन्ही पक्षांना पुढची मुदत बंधनकारक असेल तर त्या कागदाला नोंदणी हवी होती की नाही, हा वाद आयताच ओढवून घेतला जातो, आणि नोंदणी हवी असून केली नसेल तर कलम 49 मुळे तो कागद पुराव्यात लंगडा पडतो.

म्हणून पहिली आणि शेवटची अशा दोन्ही तारखा लिहा, 'दोन्ही दिवस धरून' असे म्हणा, आणि सूचनेची तारीखही दिवसांत मोजायला न लावता कॅलेंडरचीच द्या. आमचा सुचवलेला मजकूर असा. तुम्ही त्यात हात फिरवालच.

'हा करार दि. 1 नोव्हेंबर 2025 रोजी सुरू होऊन दि. 30 सप्टेंबर 2026 रोजी संध्याकाळी 5 वाजता संपेल, दोन्ही दिवस धरून. पुढे राहायचे आहे की नाही, हे राहणारा दि. 31 जुलै 2026 पर्यंत मालकास लेखी कळवील. मालकास पुढे द्यायचे नसेल, किंवा भाडे अथवा अटी बदलायच्या असतील, तर तोही त्याच तारखेपर्यंत लेखी कळवील. कोणीच काही कळवले नाही, तर करार 30 सप्टेंबर 2026 रोजी संपेल. न कळवणे म्हणजे मुदतवाढ नव्हे. नवा लेखी करार सही झाल्याशिवाय मुदत वाढणार नाही. मुदतीनंतर जमा झालेली रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर वापराचा मोबदला म्हणून, मालकाच्या हक्कास बाध न येता, स्वीकारली असे समजावे.'

यातली 31 जुलै ही तारीख विचारपूर्वक घेतली आहे. दोन महिने म्हणजे फार झाले, एक पुरे, असे मालक म्हणतील. पण 2026 साली चवथ (गणेशचतुर्थी) 14 सप्टेंबरला आहे. ऑगस्टअखेरीस सूचना मिळालेला भाडेकरू घर शोधायला निघतो तेव्हा निम्मा गोवा माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधण्याच्या तयारीत असतो. टेम्पोवाला मिळत नाही, सुतार-इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत, आणि बेळगाव, सावंतवाडी, कारवारकडचे भाडेकरू स्वतःच आपापल्या गावी गेलेले असतात. मालकाच्या बाजूनेही तेच. घर पुन्हा द्यायचे तर सप्टेंबरात ते दाखवता आले पाहिजे. किनारपट्टीत तर ऑक्टोबरपासून सीझन, आणि वर्षाच्या भाडेकरूला सप्टेंबरअखेर उठवून पुढचे सहा महिने घर पाहुण्यांना द्यायचे गणित कळंगुट, हणजूण, पाळोळे इथे उघडपणे मांडले जाते. ते मांडायला हरकत नाही. पण पर्वरीच्या शाळेतल्या शिक्षिकेला किंवा बांबोळीच्या इस्पितळातल्या नर्सला ते 20 सप्टेंबरला समजणे योग्य नाही. (पाहुण्यांना घर द्यायचे असेल तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याची नोंदणी वेगळी लागते. तो कागद या कागदात मिसळू नका.)

करार जानेवारीत सुरू झाला असेल तर हे सगळे बदलेल. नोव्हेंबरच्या शेवटी संपणाऱ्या करारात सूचना सप्टेंबरअखेर ठेवली तरी चालते. पण कुठल्याही कराराची मुदत एप्रिल-मेमध्ये संपत असेल तर मुलांची शाळा विचारात घ्या, आणि जून-जुलैत संपत असेल तर पाऊस. धो-धो पावसात गादी, कपाट, फ्रिज हलवणे हे दोघांच्याही नुकसानीचे काम आहे. अशा वेळी दहा महिन्यांचा किंवा आठ महिन्यांचा करार करून अखेर सोयीच्या महिन्यात आणता येते. अकरा हा आकडा कमाल मर्यादा म्हणून आला आहे, त्याहून कमी मुदतीला कसलीच आडकाठी नाही.

सूचना कोणाला द्यायची हा गोव्यात वरवर वाटतो तितका सोपा प्रश्न नाही. इथल्या नागरी कायद्यामुळे घर बहुधा पती-पत्नी दोघांचे असते, आणि वडिलोपार्जित असेल व इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन कार्यवाही) झालेली नसेल तर भावाबहिणींचेही. करारावर सही एकाची, भाडे घेतो दुसरा, चावी तिसऱ्याकडे. करारात मालक म्हणून जेवढी नावे आहेत तेवढ्या सगळ्यांच्या नावे सूचना लिहावी आणि त्यापैकी एकाला पोहोचली तर सगळ्यांना पोहोचली असे करारातच ठरवून घ्यावे. मालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्रात 'भाड्याने देणे' एवढेच न लिहिता 'नोटीस देणे व घेणे, ताबा परत घेणे, डिपॉझिट परत करणे' हेही स्पष्ट असले पाहिजे. मामा भाडे घेतात म्हणून मामांना दिलेली नोटीस मालकाला पोहोचली असे धरता येईलच असे नाही. भाडेकरू दोघे-तिघे एकत्र राहत असतील, वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यांतली मुले राहतात तसे, तर उलट बाजूनेही हेच: सगळ्यांची नावे, आणि एक जण निघाला म्हणजे करार संपला का, याचे एका ओळीत उत्तर.

पाठवायची रीतही बदलली आहे. कराराकरारांत 'रजिस्टर्ड ए.डी.ने' असे असते. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. नव्या मसुद्यात 'स्पीड पोस्टने, पोहोचल्याच्या पुराव्यासह' असे घाला. त्याबरोबर हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख-सही घेणे हा पर्याय ठेवा. एका गावात राहणाऱ्यांना तोच सगळ्यात स्वस्त आणि पक्का. व्हॉट्सअॅप आणि ई-मेल चालणार असतील तर दोघांचे क्रमांक आणि पत्ते करारात छापा आणि 'या क्रमांकावर पाठवलेला संदेश लेखी सूचना समजला जाईल' असे म्हणा. नाहीतर निळ्या टिकेवर वाद घालत बसावे लागते. कोर्टात तो संदेश दाखवायची वेळ आली तर 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून फोन बदलताना संदेश पुसू नका, हे पक्षकारांना तोंडी सांगायला विसरू नका. सूचना व्हॉइस मेसेजने देऊ नये, हेही.

पत्त्याची गोष्ट छोटी, पण टपाल परत येते ते याच कारणाने. पंचायतीचा घर क्रमांक, इमारतीचे नाव, फ्लॅट क्रमांक, वाडा, गाव, पिन कोड हे सगळे लागते. 'चर्चजवळ' एवढे लिहिलेले पाकीट पोस्टमन ओळखीवर पोहोचवतोही, पण सुट्टीवरचा बदली पोस्टमन परत पाठवतो.

भाडेकरूच्या सूचनेत काय असावे, याचा एक कोरा नमुना कराराला जोडून दिलात तर दोघांचीही सोय होईल. कराराची तारीख, घराचा पत्ता, 'करार अमुक तारखेला संपत आहे व मला पुढे राहायचे नाही', चावी देण्याची तारीख आणि वेळ, डिपॉझिटची रक्कम, ती कुठल्या खात्यात परत हवी, पुढचा पत्ता, आणि घर बघायला मालकाने यावे यासाठी दोन पर्यायी दिवस. एवढेच. कारणे लिहू नयेत. 'ओल आहे म्हणून', 'शेजारी त्रास देतो म्हणून' असे लिहिले की उत्तर-प्रत्युत्तर सुरू होते आणि मुद्दा बाजूला राहतो. मालकाच्या सूचनेत 'घर लवकरात लवकर रिकामे करावे' असे शब्द नकोत. तारीख हवी.

घर बघण्याचा दिवस चावीच्या दिवशीच ठेवणे ही दुसरी सवय मोडायला हवी. पहिली पाहणी मुदत संपायच्या दहा-पंधरा दिवस आधी करावी, म्हणजे गळका नळ, तुटलेली काच, उखडलेला स्विच भाडेकरू स्वतः दुरुस्त करून देऊ शकतो. नोव्हेंबरात आत आलेल्या भाडेकरूला कोरड्या, रंग दिलेल्या भिंती मिळतात. सप्टेंबरअखेर बाहेर पडताना त्याच भिंती चार महिन्यांच्या पावसाने फुगलेल्या, कोपऱ्यात काळी बुरशी आलेली. घर सगळ्यात वाईट दिसते त्याच आठवड्यात पाहणी होते आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे भाडेकरूने घर मिळाले तशा स्थितीत परत द्यायचे असते, पण रोजच्या वापराची झीज आणि निसर्गाच्या रेट्यामुळे झालेला बदल त्यातून वगळून. छपरातून किंवा बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल भाडेकरूची नव्हे. बाथरूमचा दरवाजा कायम बंद ठेवून आणि खिडक्या न उघडून आलेली बुरशी मात्र त्याची. दोन्हीतला फरक ठरवायला आत येतानाचे तारखेसह फोटो आणि पावसात गळती कळवल्याचे संदेश लागतात. तेव्हा कराराला फोटोंचे परिशिष्ट जोडा: प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, सिंकच्या खालची बाजू, आणि मीटर.

मीटरवरून आठवले. बिल नेहमी मागच्या वापराचे येते, म्हणून 'शेवटचे बिल येऊ दे, मग डिपॉझिट देतो' या एका वाक्यावर चाळीस हजार रुपये महिनोन्‌महिने अडकतात. चावीच्या दिवशी वीज मीटर आणि पाण्याच्या मीटरचा आकडा दोघांनी मिळून टिपावा, फोटो काढावा. शेवटच्या तीन बिलांवरून दिवसाची सरासरी काढावी. समजा ती पन्नास रुपये आली आणि बिल न आलेले चाळीस दिवस असतील, तर दोन हजार रुपये राखावेत, बाकी रक्कम त्याच दिवशी परत, आणि बिल आल्यावर सात दिवसांत हिशेब पुरा. करारात 'डिपॉझिट नंतर परत केले जाईल' या ओळीच्या जागी एवढे घातले तर पुरे. सेप्टिक टँक उपसण्याचा खर्च कोणाचा, एसीची सर्व्हिसिंग कोणाची, हेही तिथेच. भाडेकरूने स्वतः लावलेला एसी किंवा गिझर त्याला ताबा सोडेपर्यंत काढून नेता येतो, भिंतीतली भोके बुजवून. चावी दिल्यानंतर परत येऊन मागणे अवघड जाते.

शेवटचे दोन महिने भाडे न देता 'डिपॉझिटमधून वळते करा' म्हणणे ही भाडेकरूंची आवडती रीत. ती मालकाच्या लेखी संमतीशिवाय चालणार नाही, हे लिहा. पण मालक डिपॉझिट परत करत नाहीत अशी भीती असते म्हणूनच ती रीत पडली, हेही खरे, आणि वरची तारीखवार तरतूद तिची गरजच कमी करते.

काही गोष्टी थोडक्यात. दोन करारांमध्ये एक-दोन दिवसांचा 'खंड' दाखवण्याची पद्धत: चावी भाडेकरूकडेच, सामान घरातच, तर त्या खंडाला फारसा अर्थ नाही. 'मुदतीनंतर रोज पाच हजार रुपये' असले दंड: करार कायद्याच्या कलम 74 मुळे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढेच देते, म्हणून भाड्याच्या दीडपट-दुपटीसारखा समर्थन करता येईल असा आकडा घाला. महिना 50,000 रुपयांहून जास्त भाडे देणाऱ्या व्यक्तीला 2 टक्के कर कापून भरावा लागतो, आणि वर्षाच्या मध्येच घर सोडले तर तो शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कापायचा असतो. शेवटचा महिना डिपॉझिटमध्ये वळवला की हे हमखास राहते. मालक अनिवासी असेल तर नियम आणि दर वेगळे, तिथे सीएला विचारायला सांगा. सोसायटी असेल तर सामान हलवण्याची परवानगी आणि थकबाकी नसल्याचा दाखला पंधरा दिवस आधी मागावा. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म आत येताना पोलीस स्टेशनला जातो, तसे तो निघून गेल्याचेही मालकाने तिथे लेखी कळवावे. नाहीतर त्या पत्त्यावर तो माणूस कागदोपत्री राहतच असतो.

आणि भाषा. करार इंग्रजीतच हवा असेल तर असू द्या, पण तारखा, सूचना आणि डिपॉझिट ही तीन कलमे मराठीत किंवा कोकणीत खाली पुन्हा छापून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. सही करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी बाकीची पाने वाचलेली नसतात, हे तुम्हाला आमच्याइतकेच ठाऊक आहे.

नवे करार तर या पद्धतीने होतीलच. सध्या चालू असलेल्या करारांसाठी वेगळा दस्त करायची गरज नाही. एका पानाचे पुरवणी पत्र पुरते: मूळ कराराची तारीख, दोघांची नावे, मुदत संपण्याची नेमकी तारीख, सूचनेची तारीख आणि रीत, डिपॉझिट परतीची तारीख, दोन साक्षीदार. मुदत मात्र त्यात वाढवू नका, तो नवा करार होतो. ज्यांचे करार येत्या दोन-तीन महिन्यांत संपत आहेत त्यांना आधी बोलवा.

कळावे,
भाडेकरारांच्या कामात असलेली काही मंडळी
फोंडा, म्हापसा, मडगाव